पुढच्या डाव्या चाकाचा आवाज

न्थोनी म्हणजे माणसाची लाज, आणि लाज आहे म्हणूनच माणूस माणूस आहे. जावयाने सासूपुढे येऊ नये, तिच्याशी बोलू नये, ती बसते त्या जागी बसू नये, वाटेत समोर आली तर झुडपात शिरावं. हे ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी डोंगर खाली बसतील आणि गाईच्या आचळातून रक्त येईल, असं किमेऊ म्हातारा सांगायचा. सांगताना तो बहुधा दुसऱ्याच्या घरी जेवत असायचा. त्याची स्वतःची सासू त्याचं लग्न ठरायच्या आधीच वारली होती.

त्याच किमेऊच्या भावजयीच्या फाटकाशी क्यालो उन्हात उभा राहून खोकत होता. जावई आल्याची वर्दी द्यायची रीत तीच. डोक्यावर पुठ्ठ्याचं खोकं, काखेत नवंकोरं ब्लँकेट. पहिल्या खोकल्याला कुत्रं उठलं. दुसऱ्याला कोंबड्या उठल्या. तिसऱ्याला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावरून काहीतरी मोठं, पिवळ्या फुलाफुलांचं, लगबगीने मागे गेलं. त्या सासूबाई. स्योकाऊ. एवढ्या वर्षांच्या संसारात क्यालोने त्यांना पाठमोरंच पाहिलं होतं. समोरून त्या कशा दिसतात हे त्याला फक्त बायकोच्या तोंडावरून ताडता येत होतं.

"आले का मेकॅनिकसाहेब?" आंब्याखालच्या तिपाईवरून किमेऊ ओरडला.

"आलो, काका."

"काय?"

क्यालो वळसा घालून म्हाताऱ्याच्या डाव्या बाजूला गेला. उजवा कान किमेऊने तरुणपणीच सोडून दिला होता. "आलो म्हटलं!"

"मग ओरडता कशाला? मी काय बहिरा आहे?"

कालोंडू घरातून बाहेर आली. तीन महिन्यांनी नवरा दिसत होता, पण तिने आधी खोकं पाहिलं. डोक्यावरून ते उतरवून घेतलं, हातानेच वजन अजमावलं आणि खाली ठेवलं. ब्लँकेट घेतलं नाही.

"हे आईंना आणलंय," क्यालो म्हणाला.

"दिसतंय."

"कुठे ठेवू?"

"झाडाला टांग."

क्यालोने ब्लँकेट आंब्याच्या फांदीवर टाकलं. पाऊस नसल्यामुळे झाडाला पानं बेताची होती, तेवढीच त्याला शोभा आली.

सोयरीक ठरली त्या दिवशी क्यालोचा मामा याच आंब्याखाली म्हणाला होता, "आमचा पोरगा नैरोबीत असतो. त्याच्या हाताविना तिथली एक पिजो गाडी रस्त्याला लागत नाही!" यात खोटं काही नव्हतं. क्यालो गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा. माणूस येऊन म्हणायचा, पुढचा डावा बुश, म्हणजे चाकाच्या दांडीच्या सांध्यातलं रबर. क्यालो मागे न बघता फडताळात हात घालून पुढचा डावा बुश काढायचा. माणूस तो घेऊन जायचा, आणि पुढे कुठेतरी, कुणाच्या तरी हातून, गाडी रस्त्याला लागायची. कालोंडूचा बाप मुलवा तेव्हा जिवंत होता आणि त्याच्याकडे पांढरी पिजो होती. तो इतका हरखला की मुलीसाठी वराकडे मागितलेल्या शेळ्यांतल्या दोन त्याने तिथल्या तिथे माफ करून सोडून दिल्या. क्यालो मामाच्या बोलण्यात दुरुस्ती करणार होता. पण मामा त्याच्या पायावर पाय देऊन उभा होता.

मागल्या वर्षी दुकान बंद पडलं. मालकाने शेवटचा पगार मालातच दिला. क्यालोने ही गोष्ट बायकोला सांगायचं ठरवलं आणि उद्यावर टाकलं. मग रोज सकाळी तो डबा घेऊन निघायचा, बसतळावर बसून खायचा आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत यायचा. एकदा डबा घरीच राहिला. कालोंडू तो द्यायला दुकानात गेली, तर तिथे बायकांना गंगावनं लावून मिळत होती. डबा काउंटरवर ठेवला आणि माहेरी आली. आईला एवढंच म्हणाली, "उन्हाळा इथेच काढते."

आईने विचारलं नाही. पण उन्हाळा लांबला, पाऊस आला नाही आणि पोरगीही परत जाईना, तेव्हा तिने किमेऊकरवी निरोप धाडला. जावयाने येऊन गाडी दुरुस्त करावी. गाडी नीट झाली, तर पोरगी घेऊन जायचं बोलू. नाही झाली, तर मुलवाला जे सांगितलं गेलं होतं ते एकदा सगळ्यांनी बसून पुन्हा ऐकू.

*

मुलवा गेल्यावर स्योकाऊ पन्नाशीत गाडी चालवायला शिकली. या दुष्काळात ती गाडीच सगळ्या माळाची नदी झाली होती. दरीतल्या बोअरवरून पिवळे कॅन भरायचे आणि चढ चढून घरोघर टाकायचे. आता गाडी उभी होती आणि बाया गाढवं घेऊन पहाटेच खाली उतरत होत्या. गाढवाला न्थोनी नसते, स्प्रिंगही नसते.

"काय होतं गाडीला?" क्यालोने विचारलं.

कालोंडू स्वयंपाकघराच्या कुडामागे गेली. तिकडून स्योकाऊचा आवाज आला, खणखणीत, पण क्यालोसाठी नसलेला. ती पायाशी दाणे टिपणाऱ्या तांबड्या कोंबडीशी बोलत होती.

"कोंबडे, तुला काय सांगू? चढाला लागलं की टक् टक् करते. डावीकडे ओढते. परवा घळीच्या काठाला जाऊन थांबले. कॅन गडगडत खाली. बाया किंचाळल्या."

"आवाज कुठून येतो म्हणावं?" क्यालो कालोंडूला म्हणाला.

"आई, कुठून येतो?"

"गाडीतून येतो, कोंबडे! आणखी कुठून येणार? देवळातून?"

खरी रीत म्हणजे गाडीत बसावं, चढावर न्यावी आणि कान लावावा. पण सासू चालवते त्या गाडीत जावई बसू शकत नाही. सासू बसते त्या सीटवर बसून तो ती चालवूही शकत नाही. कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही. डॉक्टरसुद्धा कुठे रोग्याच्या पोटात शिरतो?

"मी सांगतो," किमेऊ म्हणाला. "मी रोज पुढे बसतो. डाव्या सीटवर. आवाज पुढच्या डाव्या चाकाचा. हा इथं, माझ्या कानाशी येतो."

क्यालोच्या छातीवरचं ओझं उतरलं. काउंटरवर माणूस यावा आणि त्याने नेमकं नाव घ्यावं, तसं झालं. पुढचा डावा. त्याने खोकं उघडलं. पगारात मिळालेले बुश आणि बॉल जॉइंट आत होते, पुढच्या चाकांचेच, डावेउजवे दोन्ही. तो त्यांना नावानिशी ओळखत होता. ते गाडीत नक्की कुठे राहतात, हे आता बघायचं होतं.

मुलवाच्या हत्यारांची पेटी निघाली. पाने, हातोडा, पहार, मुलवाच्या हाताने घासून गुळगुळीत झालेला पाइपाचा तुकडा. क्यालोने चाकाचे नट सैल केले, जॅक लावला, चाक काढलं आणि आत पाहिलं. आत चिखल होता. मागच्या पावसाचा, म्हणजे जुना आणि निबर. तो चाकूने खरवडल्यावर लोखंड दिसलं. सगळं लोखंड एकाच रंगाचं होतं. फडताळात प्रत्येक गोष्टीला आपलं खोकं असतं.

"काय झालं?" किमेऊने विचारलं.

"बघतोय."

"मुलवा बघायचा नाही. हात घालायचा."

क्यालोने हात घातला. बोल्ट गंजला होता, त्यावर रॉकेल ओतलं. पान्याला पाइप लावून त्याने जोर केला. पाना निसटला आणि बोटांची सालं मडगार्डवर राहिली. कुडामागून कोंबडीला विचारण्यात आलं, "नैरोबीत असंच करतात का गं?" क्यालोने बोटं तोंडात घातली. रक्ताला आणि रॉकेलला वेगवेगळी चव असते हे त्याला त्या दिवशी कळलं.

बॉल जॉइंटने दुपार खाल्ली. वरून ठोकला, खालून ठोकला. अंगठ्यावर बसला तो घाव वेगळाच. शेवटी त्याला आठवलं, काउंटरशी दोन मिस्त्री भांडत होते. एक म्हणत होता, जॉइंटला मारायचं नाही रे गाढवा, जॉइंट बसतो त्या गोल भोकाला, डोळ्याला, बाजूने मारायचं. क्यालोने डोळ्याला बाजूने हाणलं. तिसऱ्या घावाला जॉइंट असा सुटला, जणू त्याला कधी अडकायचंच नव्हतं.

"हं," किमेऊ म्हणाला. तेवढी एक दाद त्या दिवसात मिळाली.

जेवण कालोंडूने आंब्याखाली आणून दिलं. कांडलेला मका आणि चवळी, मका थोडा, चवळी त्याहून थोडी. जावई जेवत असताना सासूने अंगणात येऊ नये, म्हणून तो जेवेपर्यंत स्योकाऊ घराच्या मागे उन्हात उभी राहिली. त्याला ते ठाऊक होतं. जेवढा उशीर होई तेवढ्या त्या उन्हात. शेवटी त्याने अर्ध्यावर हात धुतला.

"टाकलंस?" कालोंडू म्हणाली. "या दिवसांत?"

"पोट भरलं."

"डब्याची सवय गेली वाटतं."

*

दुसऱ्या दिवशी त्याने जुने बुश काढायला विस्तव केला. रबर बाहेरच्या लोखंडी कड्यात, चुडीत, चिकटून बसलेलं असतं. ते जाळायचं आणि मग चुडी करवतीने कापून काढायची. हेही काउंटरवरचंच ज्ञान. काळा, तेलकट धूर निघाला आणि वारा नसल्यामुळे थेट दोरीवरच्या पिवळ्या फुलाफुलांच्या कांग्यावर, सासूबाईंच्या पांघरायच्या कापडावर, गेला.

"कोंबडे," कुडामागून आवाज आला, "धुतलेल्या कपड्याला नैरोबीत काय म्हणतात?"

कालोंडू कांगा काढायला आली. क्यालो विस्तवापाशी उकिडवा बसला होता, धुराने डोळे गळत होते. ती कांगा झटकत त्याच्या शेजारी थांबली आणि न वळता म्हणाली, "त्या बुशाला काय झालं होतं?"

"म्हंजे?"

"झिजला होता का? फाटला होता?"

क्यालोने विस्तवाकडे पाहिलं. रबर वितळून गेलं होतं. काढल्यावर ते नीट बघायचं राहूनच गेलं होतं. "झिजलाच असणार. इतकी जुनी गाडी."

"असणार," कालोंडू म्हणाली. "आईला कधी सांगणार आहेस?"

"काय?"

"तू पाना आयुष्यात पहिल्यांदा धरलायस ते."

"गाडी झाली की सांगतो."

"आणि नाही झाली तर?"

"तर सांगायची गरजच पडणार नाही."

"माझ्या बापाने दोन शेळ्या सोडल्या होत्या तुझ्यासाठी. मला त्या शेळ्यांचं काही नाही. पण रोज डबा भरताना तू माझ्या तोंडाकडे बघायचास, क्यालो. आणि म्हणायचास, आज माल यायचाय, उशीर होईल." तिने कांगा हुंगला. "याला आता आठवडाभर टायरचा वास येणार. पाणी कुठलं आणू?"

ती गेली. क्यालोने निखाऱ्यातून लोखंड ओढून घेतलं आणि निवायच्या आधीच उचललं. ओरडायची सोय नव्हती. कुडामागे कोंबडी ऐकत होती.

नवे बुश आत बसवायला शिकंजा नव्हता. लांब बोल्ट, दोन जाड चकत्या, पाइपाचा तुकडा आणि साबणाचा फेस यांवर त्याने ते इंचाइंचाने आत ओढले. एक तिरका गेला, काढून पुन्हा. पाठीला कळ लागली, करंगळी सुजली. उजवीकडचंही तसंच केलं, कारण एका बाजूचा बदलला की दुसरीकडचा बदलायचा असं तो स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आला होता. संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा जागेवर गेलं. मोकळे नट बोल्टांवर फिरले. एकही भाग उरला नाही. क्यालोने दोनदा खोक्यात बघून खात्री केली.

उरलं फक्त आवळायचं. आणि तिथेच पंचाईत आली.

बुशाच्या प्रत्येक खोक्यावर एक ओळ छापलेली असते. गिऱ्हाइकं ती वाचत नाहीत. क्यालोने ती हजार वेळा वाचली होती, कारण काउंटरवर वाचायला दुसरं काही नसायचं. *गाडी चाकांवर उभी असताना, पुढच्या दोन्ही सीटवर दोन माणसांचं वजन, दीडशे किलो, असतानाच आवळावे.* चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबर पिळलेलं राहतं आणि महिन्याभरात फाटतं. या सगळ्या कामात त्याला पक्कं ठाऊक असलेली गोष्ट ही एवढीच होती. ती सोडून द्यायला तो तयार नव्हता.

सकाळी त्याने चपट्या दगडांचे दोन ओटे रचले, पुढची चाकं त्यांवर उतरवली, म्हणजे खाली निजायला जागा झाली. अंगण मागे उताराचं होतं आणि हँडब्रेक मुलवाबरोबरच गेला होता, म्हणून मागच्या चाकांना मागून दोन दगड लावले. मग किमेऊला आणि कालोंडूला पुढे बसवलं.

गाडीने दखल घेतली नाही.

"काका, तुमचं वजन किती?"

"पाऊसपाणी नीट झालं तर पन्नास."

"वाळू भरू या पोत्यात," कालोंडू म्हणाली.

"नदीतली वाळू आता ठेकेदाराची आहे," किमेऊ म्हणाला. "पाटीभर उचललीस तर कोयता घेऊन पोरं येतात. नदी आपली, पाणी नाही. वाळू आहे, तर ती आपली नाही."

"दगड ठेवू सीटवर."

कुडामागून आवाज आला. "कोंबडे! ज्या सीटवर मुलवा बसला, जिला मी स्वतः कापड शिवलं, तिच्यावर दगड ठेवणाऱ्याचा हात मोडेल म्हणून सांग!"

हळूहळू, एकमेकांकडे न बघता, तिघांच्याही मनात एकच आकडा आला. त्या अंगणात शंभर किलोची एकच गोष्ट होती, आणि ती कुडामागे उभी होती.

"शक्य नाही," किमेऊ म्हणाला. "सासू वर आणि जावई खाली? अरे, डोंगर बसतील!"

"मग नको," क्यालो म्हणाला. "मग असंच आवळतो. महिन्याभरात फाटेल."

"पाण्याच्या कॅनसकट फाटेल," कालोंडू म्हणाली. "घळीच्या वर."

किमेऊ तिपाईवरून उठला, आंब्याभोवती एक फेरी मारली. धर्मशास्त्राला हलायला जागा लागते. परत आला तेव्हा त्याच्याकडे निवाडा होता. गाडीखालच्या माणसाचं तोंड दिसत नाही, म्हणजे तो माणूस नाही, मिस्त्री आहे. गाडीत बसलेली बाई डोक्यावरून कांगा घेईल, म्हणजे ती बाई नाही, वजन आहे. वजन मिस्त्रीशी बोलणार नाही, मिस्त्री वजनाशी बोलणार नाही. वजन येताना पाठीने चालत येईल. आणि वजनाला गाडीच्या पायरीवर चढायला तिपाई लागेल.

*

क्यालो पाठीवर सरकत गाडीखाली गेला. वर इंजिनाच्या तेलाचा तवा, आडवं लोखंड, नवे काळे बुश. छातीवर पाना. डाव्या डोळ्यात माती पडली. त्याला फक्त पावलं दिसत होती. कालोंडूच्या रबरी चपला डावीकडे. किमेऊचे टायरचे जोडे कडेकडेने मागे जाणारे. आणि मग उजवीकडून, टाच आधी, दोन मोठी, भेगाळलेली, धुळीने पांढरी झालेली पावलं. पाठीने येणारी. ती तिपाईवर चढली. तिपाई कुरकुरली. दार लागलं.

गाडी खाली आली.

हळूहळू, सुस्कारा टाकत, स्प्रिंगा एकेक वेटोळं मिटत आली. लोखंड क्यालोच्या नाकापासून वितीवर थांबलं. आता वजन बरोबर होतं. तो समाधानाने जवळजवळ हसला. त्याने पाना लावला, पहिला नट आवळला. दुसरा आवळला. तिसरा आवळला.

चौथ्यावर पाना ठेवला आणि गाडी मागे सरकली.

हातभरसुद्धा नाही. पण पुढचं डावं चाक ओट्याच्या कडेला आलं, वरचा चिरा कलला, आणि आडव्या लोखंडाने क्यालोचा खांदा जमिनीत दाबला. पाना कुठे गेला कळलं नाही. वर कुठेतरी पेडल कचकन दाबलं गेलं आणि गाडी थांबली.

"दगड!" कालोंडू किंचाळली. "मागचा दगड कुठेय?"

तिच्या चपला उडी मारून खाली आल्या आणि मागे पळाल्या. "काका! मागे दोन दगड होते! एकच आहे!"

"होता की!" किमेऊ कुठूनतरी म्हणाला. "मीपण तेच बघतोय!"

गाडीखाली क्यालोला श्वास अर्धाच घेता येत होता. उरलेला अर्धा लोखंडाचा होता.

"जावई."

आवाज वरून आला. कोंबडीला नव्हता, कालोंडूला नव्हता.

"जावई, हलू नका."

"नाही हलत," क्यालो म्हणाला. त्यांचं हे पहिलं संभाषण.

"लागलंय?"

"खांदा दबलाय. हाड शाबूत आहे बहुतेक."

"माझा पाय आहे ब्रेकवर. पण गाडी बंद आहे, ब्रेक दगडासारखा झालाय. मांडी थरथरते. बोलत राहा, म्हंजे माझं लक्ष राहील."

"काय बोलू?"

स्योकाऊ म्हणाली, "आजवर किती गाड्या खोलल्यात?"

क्यालोकडे उत्तरं होती. मामाने दिलेली, पिजोसारखीच टिकाऊ. त्यातलं एखादं त्याने ओठांपर्यंत आणलंही. पेडलचा करकर असा बारीक आवाज येत होता, आणि तो आवाज तिच्या मांडीतून येत होता.

"ही पहिलीच," तो म्हणाला.

पेडल करकरलं.

"मग दुकानात काय करायचात?"

"मागितलेला माल द्यायचो. काउंटरवरून."

"आणि आता?"

"दुकान बंद झालं. मागल्या वर्षी."

"कालोंडूला ठाऊक आहे?"

"मी नाही सांगितलं. तिला कळलं."

"हं," स्योकाऊ म्हणाली. "म्हणून उन्हाळा तिला इथे गार लागला."

मागून कालोंडूचा आवाज आला, आता किंचाळीच्या पलीकडचा, अगदी सपाट. "काका. उठा."

"का?"

"तुम्ही त्याच्यावर बसलायत."

तिपाई सासूबाईंना दिल्यावर किमेऊला बसायला काही उरलं नव्हतं. त्याने जवळचा, बेताच्या उंचीचा, सावलीतला दगड ओढून घेतला होता. तो मागच्या चाकाला लावलेला होता हे त्याला नंतर पटवून द्यावं लागलं, आणि तेही डाव्या कानात.

कालोंडूने दगड चाकामागे ठोकला. त्यावर दुसरा ठोकला. जॅक लावून लोखंड चार बोटं उचललं आणि कललेला चिरा चाकाखाली पुन्हा नीट सरकवला. क्यालोचा श्वास परत आला, आणि त्याच्यामागून खांद्याची कळ.

"निघ बाहेर," कालोंडू वाकून म्हणाली. तिचं तोंड मातकट झालं होतं. "क्यालो, निघ ना."

"आई," क्यालो म्हणाला. त्यांना उद्देशून हा शब्दही पहिलाच. "एक नट राहिलाय."

"मग?"

"तुम्ही उतरलात तर पुन्हा बसावं लागेल."

वर जरा विचार झाला. "कालोंडू," स्योकाऊ म्हणाली, "जॅक उतरव आणि तुझ्या जागी येऊन बस. मिस्त्रीला काम करू दे."

"आई, त्याला काही येत नाही! तू ऐकलंस ना आत्ता?"

"ऐकलं. आवळायला कुठे परीक्षा द्यावी लागते? बस."

जॅक उतरला. कालोंडू बसली. गाडी पुन्हा खाली आली, नाकापासून वितीवर. क्यालोने मातीत चाचपून पाना शोधला. डावा हात उचलला जात नव्हता, म्हणून उजव्याने पाना धरला आणि पायाने पाइप रेटला. नट आवळला गेला. त्याने पुन्हा एकदा रेटला. मग तो सरकत बाहेर आला, आणि समोरच स्योकाऊ गाडीतून उतरत होती. कांगा खांद्यावर पडलेला, डोकं उघडं. दोघांनी एकमेकांना सरळ तोंडाकडे पाहिलं.

डोंगर होते तिथेच राहिले.

*

किमेऊने मात्र सोडलं नाही. न्थोनी मोडली, तोंड बघितलं, आई म्हटलं. शुद्धीला बोकड लागेल. क्यालोकडे बोकड नव्हता. योगायोगाने किमेऊकडे होता. त्याच्या बदल्यात किमेऊने आंब्यावरचं ब्लँकेट घेतलं, बोकडाचा निवाडा दिला, बोकड स्वतः कापला आणि मानाचा वाटाही रीतीप्रमाणे ज्येष्ठाला, म्हणजे स्वतःला, दिला. बोकड खाल्ल्यावर सासू-जावयांनी एकमेकांसमोर यायला, एका गाडीत बसायलाही हरकत उरली नाही.

जेवताना स्योकाऊ म्हणाली, "मुलवाला सांगितलं ते याच्या मामाने सांगितलं. यानं फक्त खोडलं नाही. डब्याचं तुम्ही दोघं बघा." मग जावयाच्या सुजलेल्या हाताकडे बघून, "आणि तू, नैरोबीत बसतळावर बसून डबा खाण्यापेक्षा इथे कॅन उतरवायला माणूस लागतो."

क्यालोच्या पानात मका वाढताना कालोंडूचा हात जरा सैल पडला.

शनिवारी गाडी निघाली. आधी बोअरवर कॅन भरायचे, मग चढ चढून फाट्यावर बस गाठायची. नवरा-बायकोने नैरोबीला जाऊन खोली रिकामी करायची आणि परत यायचं, असं ठरलं होतं. स्योकाऊ चालवत होती. शेजारी किमेऊ, भर उन्हात ब्लँकेट पांघरून. मागे क्यालो आणि कालोंडू, आणि त्यांच्यामागे पिवळे कॅन. फाटकापासून बोअरपर्यंत गाडी सरळ गेली. डावीकडे ओढली नाही. आदल्या दिवशी कालोंडूने पुढच्या डाव्या टायरमध्ये हवा भरून घेतली होती, ते कुणी बोललं नाही. किमेऊने डॅशबोर्डवर थाप मारली. "मुलवाच्या वेळी अशी चालायची!"

कॅन भरून घेतले, चढ लागला. घळीचा काठ आला. स्योकाऊने गिअर बदलला.

टक्.

कुणी हललं नाही.

टक्. टक्.

क्यालोने हा आवाज आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. त्याने पाय उचलून गाडीच्या तळावर हात टेकला. कालोंडू त्याच्याकडे बघत होती.

"हाच का?" त्याने विचारलं.

"हाच," स्योकाऊ आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाली.

"कसला?" किमेऊ डावा कान खिडकीला लावून म्हणाला. "मला तर काही येत नाही ऐकू."

आवाज क्यालोच्या सीटखालून, मागच्या उजव्या चाकातून येत होता.